स्पोर्ट बाईकला सॉफ्ट लगेज लावायचंय? बॅग घ्यायच्या आधी गाडी मोजा

पावसाळा संपत आला की ओळखीतल्या कुणाचा तरी मेसेज येतोच, आर-१५ वर गोव्याला निघतोय, बॅग कुठली घेऊ सांग. मग प्रत्येक जण आपापल्या बॅगचं नाव सांगतो आणि तो बिचारा त्यातली सगळ्यात जास्त लिटरची मागवून मोकळा होतो. त्याच्या गाडीचा सायलेन्सर कुठल्या बाजूला आहे, मागचं चाक सीटपासून किती लांब आहे, हुक अडकवायला जागा तरी आहे का, हे कुणीच विचारत नाही. ॲडव्हेंचर बाईकवाल्यांचं बरं असतं, त्यांना रॅक आणि सपाट मागची सीट आयती मिळते. आपल्याकडे काय, शेपटी वर उचललेली, मागची सीट पोळपाटाएवढी, ग्रॅबरेल असली तर असली, आणि खाली चाक अगदी जवळ. म्हणून आपल्या गाड्यांसाठी वेगळं लिहायला पाहिजे असं बरेच दिवस डोक्यात होतं.

आर-१५, आरसी ३९०, अपाची आरआर ३१०, निंजा ३०० अशा फेअरिंगवाल्या (बाजूने प्लास्टिकचं आवरण असलेल्या) आणि क्लिप-ऑन हँडलच्या (खाली असलेल्या, पुढे झुकून धरायच्या दोन सुट्या दांड्यांच्या) गाड्या डोळ्यासमोर ठेवून हे लिहितोय. मोठ्या सुपरस्पोर्टलाही नव्वद टक्के हेच लागू होतं. ट्रिपच्या निदान दोन आठवडे आधी हे सगळं सुरू करा, आदल्या रात्री पार्किंगमध्ये मोबाईलच्या टॉर्चवर बॅग बांधत बसायची वेळ येऊ देऊ नका.

१. आधी सामान, मग लिटर

जे न्यायचंय ते सगळं घरी जमिनीवर मांडा आणि त्यातलं एक तृतीयांश परत कपाटात ठेवा. तीन-चार दिवसांच्या ट्रिपला एकट्या माणसाला २५ ते ३५ लिटर पुष्कळ होतात. ५०-६० लिटरची बॅग घेतली की ती भरल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही, आणि भरली की गाडी वागायची बदलते.

वजन मोजा. अंदाजाने नाही, खरोखर मोजा. प्रवासी बॅगा लटकवून मोजायचा छोटा डिजिटल काटा मिळतो तो घ्या, नाहीतर बॅग घेऊन घरच्या वजनकाट्यावर उभे राहा आणि स्वतःचं वजन वजा करा. आता गाडीचं आरसी, म्हणजे नोंदणीचं कार्ड, काढून बघा, त्यावर गाडीचं रिकामं वजन आणि भरलेलं कमाल वजन दोन्ही असतं, त्या दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुम्ही अधिक पिलियन (मागे बसणारा) अधिक सामान. जॅकेट, बूट, हेल्मेट यांचं वजन पण त्यातच आलं. मॅन्युअलमध्ये लगेजसाठी वेगळा आकडा दिला असेल तर तोच अंतिम. या गाड्यांची मागची सबफ्रेम (सीट पेलणारा सांगाडा) पिलियनचं वजन मागच्या पायदानांवरून आणि सीटवरून घेईल अशी बनवलेली असते, शेपटीच्या अगदी टोकाला १५ किलो लटकतील असं कुणी गृहीत धरलेलं नसतं. मी टेलबॅगमध्ये (मागच्या सीटवर बसते ती बॅग) ८ किलोच्या वर जात नाही. १४० किलोच्या आसपासच्या आर-१५ ला ते सुद्धा जाणवतं.

२. गाडी मोजा

अर्धा तास लागतो. मेजरिंग टेप, फ्रिजवरचा एक चुंबक, जुनी उशी आणि एक मित्र, एवढं जमवा.

पहिलं म्हणजे मागची सीट. लांबी, रुंदी आणि उतार. बहुतेक स्पोर्ट बाईकची मागची सीट पुढच्या बाजूला उतरती असते, म्हणजे ब्रेक मारला की बॅग तुमच्या पाठीवर येते. बॅगचा तळ सीटपेक्षा दोन्ही बाजूंना चार-चार बोटं बाहेर गेला तर चालतं, त्याहून जास्त गेला तर कडा लोंबायला लागतात. लोंबणारी कडा पुढे एकतर इंडिकेटरवर टेकते, नाहीतर सायलेन्सरवर.

दुसरं सायलेन्सर. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना तो उजवीकडे असतो आणि स्पोर्ट बाईकला वर उचललेला असतो. सॅडलबॅगच्या (सीटच्या दोन्ही बाजूंना लटकते ती बॅग) आकाराची उशी त्या बाजूला धरा, मित्राला मागे बसवून गाडी दाबायला सांगा आणि अंतर बघा. हाताचा पंजा आडवा सहज जाईल एवढी मोकळी जागा भरलेल्या अवस्थेत राहायला हवी. हे इतकं का सांगतोय ते लक्षात घ्या, चढावर सायलेन्सर सहज २०० अंशांच्या वर जातो, आणि बॅगांमधलं साधं नायलॉन साधारण २२० अंशांला वितळतं, पॉलिएस्टर २५० च्या पुढे, पीव्हीसी तर १०० च्या आतच मऊ पडायला लागतं. म्हणजे चिकटायला एक घाट पुरतो.

एकदा राधानगरीकडून फोंडा घाट उतरून आम्ही चहाला थांबलो तेव्हा ग्रुपमधल्या एकाच्या गाडीजवळ प्लास्टिक जळाल्याचा वास यायला लागला. बॅग जागेवर होती, नीट होती, पण वरचं रेनकव्हर वाऱ्याने फुगून खाली आलं होतं आणि त्याची कड सायलेन्सरच्या पाईपवर काळ्या डांबरासारखी बसली होती. ओढलं तर तार सुटायची. आतल्या बॅगेला हाताच्या तळव्याएवढं भोक, भोकाच्या आत टॉवेल आणि टॉवेलची कड तपकिरी. आणखी दहा किलोमीटर गेलो असतो तर काय झालं असतं याचा विचारही नको वाटतो. तेव्हा रेनकव्हर वापरणार असाल तर मोजताना ते चढवून मोजा.

तिसरं मागचं चाक. स्टँडवर उभी असताना गाडी फसवते. टायर आणि शेपटीखालचं प्लास्टिक यांच्यात भरपूर जागा दिसते, पण मागे वजन पडून गाडी खड्ड्यात गेली की चाक कित्येक सेंटीमीटर वर येतं. मित्राला सीटवर बसून जोरात उसळी मारायला सांगा आणि तुम्ही बाजूने बघा. इथे साडीगार्डचा विषय येतो. मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण हवं हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे, तरी नवी गाडी आली की लोक पहिलं साडीगार्ड काढतात, चांगलं दिसत नाही म्हणून. काढू नका हो. डाव्या बाजूची बॅग चाकात जाण्यापासून अडवणारी तेवढी एकच गोष्ट गाडीवर असते. काढून माळ्यावर टाकलं असेल तर ट्रिपच्या आधी परत लावून घ्या.

चौथं टाकी. चुंबक घेऊन टाकीवर सगळीकडे फिरवा, वर, पुढे, बाजूला. बऱ्याच फेअरिंगवाल्या गाड्यांत टाकी म्हणून दिसतं त्यातला मोठा भाग नुसतं प्लास्टिकचं कव्हर असतो, खरी टाकी त्याच्या आत. काही मोठ्या गाड्यांना ॲल्युमिनियमची टाकी असते, २०१५ नंतरच्या यामाहा आर-१ ला आहे, तिथे चुंबक चिकटतच नाही. चुंबकाच्या टँकबॅगचे (टाकीवर बसते ती बॅग) चारही पंख, ज्यांत चुंबक असतात ते, लोखंडावर बसले पाहिजेत. दोनच बसत असतील तर ती बॅग तुमच्यासाठी नाही.

पाचवं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, बेल्ट अडकवायच्या जागा. मागची सीट काढा आणि आत बघा. सबफ्रेमचे पाईप, सीटचे लॉक, मागच्या पायदानांचे ॲल्युमिनियमचे ब्रॅकेट, नंबरप्लेटच्या वरचे बोल्ट. यातल्या चार मजबूत जागा मिळाल्या पाहिजेत, दोन पुढे दोन मागे. इंडिकेटरचे दांडे, शेपटीचं प्लास्टिक, मडगार्ड, सायलेन्सरचा ब्रॅकेट यातलं काहीही चालणार नाही. फोटो काढून ठेवा, दुकानात दाखवायला लागतो.

३. कुठल्या प्रकारची बॅग

नवीन माणसाने आधी टेलबॅग घ्यावी. ती सीटवर बसते, सायलेन्सर आणि चाक दोन्हींपासून लांब राहते आणि हॉटेलवर दोन मिनिटांत काढून खांद्याला लावता येते. २० ते ३० लिटरची, तळाशी कडक बोर्ड असलेली आणि मागच्या बाजूला निमुळती घ्या. सीटखालून पट्ट्या जातात आणि त्यांना बाहेर राहिलेल्या लूपमध्ये बॅग अडकते अशी रचना स्पोर्ट बाईकसाठी सगळ्यात उत्तम. क्रिगाच्या बॅगांनी ही पद्धत लोकप्रिय केली आणि आता आपल्याकडच्या कंपन्यांमध्येही तशी रचना मिळते.

टेलबॅग पुरली नाही तर टँकबॅग. वजन गाडीच्या मध्यभागी राहतं, म्हणून हाताळायला टेलबॅगपेक्षा ती बरी. पण क्लिप-ऑनवर पुढे झुकून बसायचं असतं, त्यामुळे उंच टँकबॅग पोटात रुतते आणि मीटर झाकते. १० ते १५ लिटरच्या आत राहा आणि बसकी घ्या.

सॅडलबॅग मी शेवटी ठेवतो. दोघं जात असतील तर पर्याय उरत नाही हे खरं, पण उचललेल्या शेपटीच्या गाडीला बाजारातली सरसकट सॅडलबॅग घेऊ नका. स्पोर्ट बाईकसाठीची असते ती खालून तिरकी कापलेली असते, सायलेन्सरच्या वर राहील अशी. दुकानदार म्हणेल सगळ्या गाड्यांना बसते, तर म्हणा दाखवा बसवून, गाडी बाहेरच उभी आहे.

पाठीवर भरलेली सॅक घेऊन लांब जाऊ नका. वाकून बसायच्या गाडीवर ते वजन मनगटांवर आणि मानेवर येतं, आणि पडलात तर आतला लॅपटॉप किंवा चार्जर पाठीच्या कण्यावर. पाण्याची पिशवी ठीक आहे, बाकी काही नको.

रायनॉक्स, व्हायाटेरा या देशी कंपन्यांचा माल आता चांगला येतो आणि बकल तुटलं किंवा पट्टा लागला तर सुटा भाग मागवता येतो, हा फार मोठा फायदा आहे. एसडब्ल्यू-मोटेक, गिवी, क्रिगा उत्तमच, पण महाग, आणि सुट्या भागाची वाट बघावी लागते. अगदी स्वस्तातल्या नावापुरत्या कॉपी बॅगांत कापड बरं असतं पण शिलाई आणि बकल मार खातात, आणि रस्त्यात तुटतं ते बकलच.

४. कापड, शिलाई आणि पाणी

डिनियरच्या आकड्यावर फार भाळू नका. डिनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, म्हणजे धागा किती जाड ते कळतं, विण आणि कोटिंग कसं आहे ते कळत नाही. १६८० डिनियरचं पॉलिएस्टर आणि १००० डिनियरचं चांगलं नायलॉन दोन्ही चालतात. त्यापेक्षा बॅग उलटी करून पट्टा बॅगेला जिथे जोडलाय तिथली शिलाई बघा. चौकोन आणि त्यात फुली अशी दुहेरी शिलाई असली पाहिजे. नुसती एक आडवी टीप असेल तर खाली ठेवा ती बॅग. घेतलेल्या बॅगेत एखादी जागा कच्ची वाटली तर मोच्याकडे जा, तो जाड दोऱ्याने पक्कं करून देतो.

वॉटरप्रूफ लिहिलेल्या प्रत्येक बॅगेवर विश्वास ठेवू नका, झिप असलेली बॅग कोकणातल्या पावसात तासाभरात पाणी घेते. खरोखर कोरडी राहते ती गुंडाळून बंद करायची, वरची कड निदान तीन वेळा गुंडाळून मग बकल. रेनकव्हर ८० च्या स्पीडला फडफडतं, मागून पाणी घेतं आणि ते पाणी तळाशी साठतं. म्हणून मी रेनकव्हर सरळ घरी ठेवतो आणि आत ड्रायबॅग किंवा कचऱ्याच्या मोठ्या जाड पिशव्या वापरतो, कपड्यांची वेगळी, इलेक्ट्रॉनिकची वेगळी. काही होत नाही.

५. काय काय जमवायचं

- कॅम बकलचे (पट्टा दाबून धरणारं बकल) दोन पट्टे, २५ मिमी रुंद, बॅगेबरोबर आलेल्यांशिवाय जास्तीचे
- नायलॉन पट्टीचे चार लूप, मोच्याकडून शिवून घ्या किंवा विकतचे घ्या
- रुंद वेल्क्रो पट्टी किंवा सायकल ट्यूबच्या कापलेल्या रिंगा, पट्ट्यांची टोकं बांधायला
- पारदर्शक पेंट प्रोटेक्शन फिल्म, मायक्रोफायबर कापड
- एलन की चा सेट, गाडीचा टूलकिट, शॉकअपचा सी-पाना
- झिप टाय, इन्सुलेशन टेप, लहान कात्री
- हवा मोजायचा स्वतःचा गेज
- सॅडलबॅग असेल तर सायलेन्सरला हीट शील्ड

लवचिक हुकवाले बंजी कॉर्ड यादीत मुद्दाम नाहीत. पहिल्या खड्ड्यात ते ताणले जातात, बॅग उडते, हुक सुटतो आणि ताणलेला हुक थेट डोळ्याकडे येतो. बंजीची जाळी वरून रेनकोट अडकवायला ठीक, बॅग धरायला कधीच नाही. ट्रकवाल्यांचा रॅचेट पट्टाही नको, त्याने इतका ताण बसतो की शेपटीचं प्लास्टिक तडकतं.

६. टेलबॅग बसवणं

जिथे जिथे बॅग किंवा पट्टा रंगाला लागणार तिथे आधी धुऊन, कोरडं करून फिल्म लावा. फिल्म घासण्यापासून वाचवते, पण तिच्यावर धूळ बसली की ती सुद्धा पॉलिश पेपर होते, त्यामुळे ट्रिपमध्ये रोज सकाळी तिथे ओलं कापड फिरवायचं.

मागची सीट काढा. पुढचे दोन लूप सबफ्रेमच्या पाईपभोवती गाठीने नाही, लूप स्वतःमधूनच ओढून अडकवा म्हणजे ताण आला की आवळतो. मागचे दोन शेपटीच्या बोल्टला किंवा सबफ्रेमच्या मागच्या पट्टीला. लूप बाहेर काढताना बघा की सीटच्या लॉकमध्ये किंवा वायरिंगवर येत नाहीत. सीट परत दाबून बसवा, खटकन आवाज आला पाहिजे, आणि दोन्ही हातांनी वर ओढून बघा. लूप मध्ये आल्यामुळे सीट अर्धवट लॉक होणं हा फार कॉमन प्रकार आहे, आणि सीट सुटली म्हणजे बॅग सुटली.

आता बॅग भरलेली ठेवा, रिकामी नको, रिकाम्या बॅगेवर केलेलं माप भरल्यावर चुकतं. आधी पुढचे दोन पट्टे ओढा, बॅग पुढे सरकवून तुमच्या बसायच्या जागेपासून चार बोटांवर आणा, मग मागचे. चारही पट्टे शक्य तितके बाहेरच्या दिशेला तिरके गेले पाहिजेत, सरळ खाली गेलेले पट्टे बॅगेला डावी-उजवीकडे डोलण्यापासून अडवत नाहीत. ताण सारखा आला का ते बोटाने पट्टा छेडून कळतं, डावा आणि उजवा जवळपास सारखे वाजतात.

आणि आता ती टोकं. पट्टा ओढून झाला की उरलेलं वीतभर-दोन वीत टोक लोंबत राहतं, आणि या एका गोष्टीची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. ते वाऱ्याने फडफडत फडफडत चेनस्प्रॉकेटमध्ये गेलं की एका फेऱ्यात बॅगेसकट गुंडाळलं जातं आणि मागचं चाक जाम होतं. ७०-८० च्या स्पीडला मागचं चाक जाम होणं म्हणजे काय ते सांगायला नको. टोकाची घट्ट घडी घालत या, काडेपेटीएवढी झाली की तिच्यावर वेल्क्रो किंवा ट्यूबची रिंग चढवा, आणि ती घडी बकलच्या वरच्या बाजूला ठेवा. हाताने खाली ओढून बघा, सुटली तर परत करा. फारच लांब असेल तर कापा आणि टोक लायटरने वितळवून बंद करा.

शेवटी मागे दहा पावलं जाऊन उभे राहा. टेललाईट, दोन्ही इंडिकेटर, नंबरप्लेट पूर्ण दिसतात का? प्लेट झाकली तर चलान होईलच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तुमचा ब्रेकलाईट मागच्या ट्रकवाल्याला दिसायला हवा.

७. सॅडलबॅग असेल तर

दोन्ही बाजूंना जोडणारे पट्टे सीटच्या वरून नाही, सीटच्या खालून न्या. खालचे पट्टे मागच्या पायदानाच्या ब्रॅकेटला, पुढच्या दिशेने तिरके, म्हणजे बॅग मागे चाकाकडे सरकत नाही. सायलेन्सरच्या बाजूला ॲल्युमिनियमचं हीट शील्ड लावा. ते बॅगेला चिकटवून ठेवायचं नाही, बॅग आणि शील्डमध्ये हवा खेळती पाहिजे, नाहीतर शील्डच तापून बॅग भाजतं. दोन्ही बॅगांचं वजन काट्यावर मोजून सारखं करा, अर्ध्या किलोचा फरक चालेल. भरपूर वळणांच्या रस्त्यावर असमान वजनाची गाडी एका बाजूला आपोआप झुकते आणि दुसरीकडे जोर लावायला लागतो, दिवसाच्या शेवटी खांदा दुखतो तो यामुळेच.

८. टँकबॅग

टाकी आणि बॅगचा तळ दोन्ही स्वच्छ पुसा. चुंबकाला लोखंडाचा बारीक कीस आणि रस्त्यावरची धूळ चिकटून बसते, ती तशीच ठेवून बॅग सरकवली की टाकीवर रेघा. बॅग उचलून ठेवायची, सरकवायची नाही. प्लास्टिकच्या किंवा ॲल्युमिनियमच्या टाकीला पेट्रोलच्या झाकणाच्या रिंगवर बसणारी सिस्टीम घ्या, गाडीप्रमाणे रिंग मिळते, मात्र जुने स्क्रू जपून ठेवा आणि नवीन हातानेच आवळा.

बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. बॅग हॉर्नला, इंजिन बंद करायच्या स्विचला किंवा क्लचच्या हाताला लागते का? क्लिप-ऑन खाली असल्यामुळे आपल्या गाड्यांत हे हमखास होतं आणि कळतं ते गर्दीत यू-टर्न मारताना. चुंबकाच्या बॅगेत एटीएम कार्ड ठेवू नका.

९. भरताना

जड ते खाली आणि पुढे. हत्यारं, पंक्चर किट, चार्जर, पाणी टँकबॅगमध्ये किंवा टेलबॅगच्या तळाशी पुढच्या बाजूला, कपडे मागे आणि वर. मागच्या टोकाला वजन गेलं की पुढच्या चाकावरचा भार कमी होतो, हँडल हलकं लागतं आणि स्पीडला गाडी डोलायला लागते. रेनकोट सगळ्यात वर, कारण तो लागतो तेव्हा लगेच लागतो. बॅगेत रिकामी जागा उरली तर बाजूचे कॉम्प्रेशन पट्टे ओढून बॅग घट्ट करा.

१०. शॉकअप, हवा, चेन, लाईट

मागे वजन वाढलं की मागचा शॉकअप बसतो, पुढचा भाग उचलला जातो. प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला ताण) बदलता येत असेल तर सी-पान्याने एक-दोन पायऱ्या वाढवा. तुम्ही आणि सामान मिळून शॉकअपच्या एकूण प्रवासाच्या साधारण एक तृतीयांश बसलं तर बरोबर. हवा मॅन्युअलमध्ये किंवा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर पिलियनसाठी दिलेला आकडा असतो तेवढी, आणि गाडी थंड असताना. पंपावरच्या काट्यापेक्षा स्वतःचा गेज बरा. चेनचं ढिलेपण मॅन्युअलप्रमाणे बघून घ्या. हेडलाईटचा झोत वर जातो तो खाली करा, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यावर जायला नको.

११. ट्रायल

निघायच्या दोन-तीन दिवस आधी पूर्ण सामान लावून पन्नासेक किलोमीटर फिरून या. पुण्यात असाल तर कात्रजच्या जुन्या घाटाने वर जा, शिंदेवाडीला उतरा, खेड शिवापूरपर्यंत हायवे आणि परत. वळणं, चढ, स्पीडब्रेकर, हायवेचा वारा सगळं मिळतं. पहिल्या दहा किलोमीटरवर थांबा आणि सगळे पट्टे पुन्हा ओढा, नवीन पट्टा भार आल्यावर ढिला होतोच. सुरक्षित मोकळ्या जागी एकदा जोरात ब्रेक मारून बघा बॅग पुढे येते का. घरी आल्यावर बॅगच्या तळाला आणि सायलेन्सरच्या बाजूला हात लावा, कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर खंबाटकी चढताना काय होईल ते कळलंच. टायरवर किंवा बॅगच्या खालच्या कडेवर घासल्याची चकाकी आहे का ते सुद्धा बघा.

एक सवय अजून लावून घ्या, भरलेल्या टेलबॅगवरून पाय टाकून बसता येत नाही, गुडघा अडकतो आणि गाडी आडवी होते. गुडघा वाकवून पाय बॅगच्या पुढून, सीटवरून काढायला शिका, पायदानावर उभं राहून साइड स्टँडवर ताण देऊ नका, आणि उजव्या हाताने पुढचा ब्रेक धरा.

१२. कागदपत्रं

लायसन्स, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधलं चालतं, पण घाटात नेटवर्क नसतं म्हणून मूळ कागद ड्रायबॅगेत, आणि ती ड्रायबॅग टँकबॅगेत, टेलबॅगच्या तळाशी नाही. चौपदरी हायवेवर आपल्याला केंद्राची कमाल मर्यादा ताशी ८० आहे आणि सामान लावलेल्या गाडीला तेवढं भरपूर आहे. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि अटल सेतूवर दुचाकी चालत नाही, मॅप्समध्ये बाईकचा मोड निवडायला विसरू नका.

१३. रस्त्यात आणि परत आल्यावर

प्रत्येक थांब्यावर चहा सांगायच्या आधी गाडीभोवती एक फेरी. चार पट्टे, चार टोकं, सीटचं लॉक, टायर. मिनिटभर लागत नाही. ग्रुपमध्ये असाल तर मागच्याला सांगून ठेवा की माझी बॅग तिरकी दिसली तर हॉर्न मार, कारण तुम्हाला आरशात ती दिसतच नाही. रात्री बॅग गाडीवर ठेवू नका, सॉफ्ट बॅगला कुलूप लावून उपयोग नाही, ब्लेडने कापता येते.

घरी आल्यावर बॅग रिकामी करून साध्या पाण्याने पुसा, कोकणातून आला असाल तर नक्कीच, खारी हवा बकलच्या स्प्रिंग आणि झिप खाते. सावलीत वाळवा, उन्हाने नायलॉन कमजोर होतं. लूप सीटखाली तसेच राहू द्यायला हरकत नाही, फक्त आत गुंडाळून ठेवा आणि पुढच्या ट्रिपच्या आधी वाकवून बघा, धागे फुलले असतील किंवा कडक लागत असतील तर मोच्याकडे जाऊन नवीन शिवून घ्या.